फ्लॉपीचं कपाळ

१४ सप्टेंबर, रविवार

सुनीलचा खेळ कुणीतरी शोधतंय! बत्तीस वर्षांनी!

मी ओट्यावर घेवडा निवडत बसले होते. तेजल मोबाइल नाचवत आली. माझी नात, सुनीलची मुलगी, पुण्याला कॉलेजात असते, दोन दिवस सुट्टीला आली आहे. "आजी, पप्पांनी कधी गेम बनवला होता का? आकाशातला, यानाचा?" बनवला होता म्हणजे काय, म्हटलं, मी खेळलेय! ती बघतच राहिली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुण्यात कुणी अमोल म्हणून आहे. कॉम्प्युटरवरचे जुने खेळ गोळा करतो. लोक काय काय गोळा करतील! त्यानं लिहिलंय, लहानपणी नाशिकरोडला मामाकडे एक खेळ खेळलो, नाव 'गगनमळा', खाली लिहिलेलं — सुनील, मखमलाबाद, नाशिक. कुणाकडे आहे का? दिवाळीत तो पुण्यात असल्या खेळांचं प्रदर्शन भरवणार, त्यात ठेवायचाय. बनवणाऱ्यालाही बोलवायचंय.

घेवडा तसाच राहिला हातात.

सुनील मळ्यातून आला तशी तेजलनं सगळं सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही नाही. चहा प्यायला, कप खाली ठेवला, म्हणाला, "नाय माझ्याकडं आता काही. राहू दे ते." आणि बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसला. कालच पुसली होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर तो खेळच डोळ्यापुढे. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

तो कॉम्प्युटर देवळाली कॅम्पातल्या एका साहेबांचा. आम्ही त्यांना भाजी द्यायचो. त्यांची बदली झाली, त्यांनी तो जुना म्हणून सुनीलला दिला. आमच्या टेम्पोत मेथीच्या जुड्यांमधून आला घरी. मागच्या फटीतून आठ दिवस मेथीची पानं निघत होती! पडदा एकाच रंगाचा. आकाश काळं, बाकी सगळं हिरवं.

खेळातलं यान म्हणजे आपला पाठीवरचा फवारणीचा पंप. हुबेहूब! नळी वर करून मारायचं — फुस्स फुस्स. आणि वरून उतरायच्या अळ्या, मावा, तुडतुडे. शेवटी एक थोरला भुंगा. बाकीच्या खेळांत राक्षस असतात म्हणे. ह्यानं आपल्या वांग्यावरचेच सगळे आकाशात नेऊन ठेवले. मला विचारायचा, "आई, शेंडाअळी चालते कशी गं?" मी ताटाच्या कडेवर बोट चालवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तशीच चालायला लागली! मला भीतीच वाटली आधी.

भुंगा मी मारला होता. त्याच्या कॉलेजच्या पोरांना नाही जमला, मला जमला. चार दिवस घरात तेच — "आईनं भुंगा मारला." मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई!

भुंगा मेला की अक्षरं यायची. सुनील वाचून दाखवायचा — खेळा, चार जणांना वाटा, आवडलाच तर पंचवीस रुपयांची मनीऑर्डर करा. मी म्हटलं, आधी फुकट देतो आणि मग मागतो, हे कसलं दुकान? तर म्हणाला, "दुकान नाय आई. आधी वाटायचं. ज्याला द्यावंसं वाटलं त्यानं द्यायचं." म्हणजे प्रसाद, मी म्हटलं. पेटी बाजूला ठेवलेली असते, टाका नाहीतर नका टाकू. हसला. "हां, प्रसादच."

तसा हसलेला परत कधी बघितला, आठवत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कुणाला सांगू? ह्या वहीलाच सांगते. फ्लॉपी माझ्याकडे आहे.

कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाडीवर चढला तेव्हा मी ती काढून घेतली. काळी, पातळ, पापडासारखी वाकते. वर सुनीलच्या अक्षरात 'गगनमळा — मूळ'. ह्याच्यावरून तो बाकीच्या काढायचा आणि वाटायचा. बियाण्याचीच म्हणा ना. वाटलेल्या गेल्या लोकांकडे. ही एकच घरची.

आणि मी काय केलं? दर साली खंडेनवमीला पाटावर ठेवली. विळा, खुरपं, कात्री, पंप, आणि ती. सगळ्यांच्या हत्याराची पूजा होते, माझ्या पोराच्या हत्याराची का नको? तिला एका बाजूला लांबट खिडकी असते, त्यातून आतलं तपकिरी चकचकीत दिसतं. मला वाटायचं ते तिचं कपाळ. पंपाला टाकीवर, विळ्याला मुठीवर, फ्लॉपीला कपाळावर — हळद, कुंकू, वर अक्षता. ओलं कुंकू! एकतीस वेळा!

आज तेजलला पुण्याला फोन केला. उगाच विचारल्यासारखं विचारलं, त्या फ्लॉपीत खेळ असतो कुठे गं? "आजी, ती खिडकी असते ना, तिच्यातूनच मशीन वाचतं. तिथं बोटसुद्धा लावायचं नसतं."

बोटसुद्धा.

जेवण गेलं नाही. मनीषा — सूनबाई — दोनदा म्हणाली, आई, भाजी तिखट झाली का? हो म्हटलं. तिखट अजिबात नव्हती, बिचारी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज ह्यांची तिथी. पान वाढलं. कावळा लगेच आला, ह्यांना थांबवत नसेच कधी.

ह्यांना वाईट म्हणत नाही मी. कष्ट केले, मळा राखला. पण त्या दिवशी काट्यावर झेंडूचं वजन चाललं होतं, दहा माणसं उभी, आणि पोस्टमननं मनीऑर्डर आणली. सुनीलच्या नावाची, सोलापूरहून कुणाची. कशाची म्हणून ह्यांनी विचारलं, सुनीलनं कौतुकानं सांगितलं. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा पोरगा लोकांपुढं हात पसरतो का? भीक मागायला शिकवली का रे तुला?" माणसं हसली. सुनीलनं सही केली, पैसे ह्यांच्या हातात ठेवले. त्यानंतर कॉम्प्युटरवर फडकं पडलं ते भंगारवाला येईपर्यंत.

आज पान वाढताना सुनीलचे हात बघत होते. एक्कावन्न वर्षांचा झाला. हात अगदी ह्यांच्यासारखे झालेत, भेगा पण तिथंच.

त्याला माहीत आहे. मी फ्लॉपीला कुंकू लावते ते तो दर साली बघतो. खेळ मेला हे त्याला कधीच कळलं असणार, आणि आईला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिला. म्हणून परवा "राहू दे" म्हणाला. असंच असणार. दुसरं काय असणार?

२० सप्टेंबर, शनिवार

तेजलला बोलावून घेतलं, परीक्षा आहे म्हणत होती तरी. फ्लॉपी दाखवली. तोंडावर हातच ठेवला तिनं. "आजीऽऽ! हे काय गं! अक्षता चिकटल्यात आत!"

मग तिनं त्या अमोलला फोन लावला, मला दिला. गोड बोलतो. "आजी, तुम्ही खेळला होता? भुंगा मेला का तुमच्याकडनं?" मेला म्हटलं. तर तिकडून ओरडलाच! "माझ्याकडनं कधीच नाही मेला! मामा म्हणायचा, त्याला मरण दिलेलंच नाहीये!" पाच मिनिटं भुंग्यावरच बोललो आम्ही. कसा तिरका येतो, कसं डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसायचं. मला तर इतकं बरं वाटलं!

मग कुंकवाचं सांगितलं. तर म्हणाला, "पाणी नका लावू. पुसू नका. आहे तशी पाठवा. बघू."

बघू. डॉक्टरसुद्धा असंच म्हणतात.

जुन्या वहीत घालून, वर पुठ्ठा लावून, कापडात बांधून दिली. एसटीत मांडीवर धर म्हटलं. सुनीलला सांगू नको म्हटलं. "का पण, पप्पांचीच तर आहे ना?" चूक माझी आहे, माझी मला निस्तरू दे.

२१ सप्टेंबर, रविवार

पोचली. तेजलनं अमोलच्या हातात दिली. दोन-तीन दिवस लागतील म्हणे.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. फोन नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस झाले. अमोल म्हणे आधी सुकी साफ करतो, मग कसल्याशा औषधानं, मग मशीनला लावणार. एकदाच नीट फिरेल, म्हणून घाई नको. मशीनसुद्धा जुनं, त्याचाच जीव किती!

पावसानं झेंडू काळा पडायला लागलाय. दसरा तोंडावर. सगळं घर फुलांच्या काळजीत आणि मी एका पापडाच्या. कुणाला सांगण्यासारखं आहे का?

शेजारच्या सिंधुबाई फुलं तोडायला आल्या होत्या. "काय हो, लक्ष कुठंय? कळ्या तोडताय नुसत्या!" टोपलीत बघितलं तर खरंच. म्हटलं, मुलाची काळजी. तर लगेच, "का, बीपी का?" आता गल्लीभर होईल सुनीलला बीपी झालं म्हणून. सिंधुबाईंना सांगणं म्हणजे देवळाच्या भोंग्यावर सांगणं. मनीषाला आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

खरं सांगायचं तर ती काळजी नुसती कुंकवाची नाही. हा माणूस तीस वर्षं मळ्यात राबतोय. चांगलं करतोय, वाईट नाही. पण कुणी विचारलं, तू काय केलंस रे आयुष्यात, तर बोट दाखवायला ती एकच वस्तू होती. ती मी माझ्या हातानं मारली असेल तर?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं.

राहवेना. सुनील पडवीत सुतळ्या सोडवत होता. जवळ बसले. म्हटलं, बाबा, तुझी फ्लॉपी मी पुण्याला पाठवली. मान वर झाली त्याची. "कुणाला विचारून?" असा आवाज त्यानं माझ्यावर कधी चढवला नव्हता. मी सगळं बोलून टाकलं — कुंकू, खिडकी, अक्षता, एकतीस वर्षं. म्हटलं, माझ्या अडाणीपणानं तुझा खेळ गेला असेल तर मला बोल, पण गप्प नको बसू.

सुतळी हातात तशीच. "तुझ्यामुळं नाय गं," म्हणाला. मग परत म्हणाला, "तुझ्यामुळं नाय." पुढं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून मळ्यात गेला. दुपारी जेवायला आला नाही. मनीषा डबा घेऊन गेली, तसाच परत आणला.

बघा, कसा आहे. अजून मलाच सांभाळतोय.

२८ सप्टेंबर, रविवार

सुनील बोलतो, पण फुलांचंच. भाव काय, गाडी किती वाजता. तेजलचा फोन — उद्या मशीनला लावणार. देवीपुढे बसले, काय मागावं सुचेना. म्हटलं, तुझंच कुंकू आहे बाई, तूच बघ.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी तेजलचा फोन. मनीषानं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, सुनील दारातच होता. अमोल म्हणाला, आजी, तुमच्या कुंकवानं काही बिघडलं नाही. ते सगळं निघालं. फ्लॉपी चांगली आहे. पण कोरी आहे. आतली तारीख बघता, पूजेला बसायच्या आधीच कुणीतरी मुद्दाम पुसलीय. पुसताना मशीन फ्लॉपीचं नाव विचारतं, तेवढं एक दिलेलं आहे. इंग्रजी अक्षरांत — 'संपला'.

सुनीलनं भिंतीला हात लावला. "मीच पुसली होती आई. त्याच दिवशी, काट्यावर दादा मला बोलले तेव्हा. मग तू पाटावर ठेवलीस. हात जोडलेस तिला. कसं सांगणार होतो?"

मला राग यायला हवा होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले नुसती.

तेजल तिकडून विचारत होती, पप्पा, मग आता ह्याचं काय करायचं? अमोलदादा म्हणतोय ठेवून घेऊ का?

सुनीलनं फोन हातात घेतला. "नाय. घेऊन ये परत. परवा खंडेनवमी हाय, आईला पाटावर लागंल."