टीनच्या डब्यातले तुकडे

अण्णा, आज सकाळी फोनवर एक फोटो आला. कंदिलाशेजारी उभी बाई, तोंड भिंतीकडं, हातात एकच बांगडी. एवढंच. आमचा जुन्या सिनेमांच्या वेड्यांचा ग्रुप आहे. रोज कुणीतरी असा एकच फोटो टाकतं आणि बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. सगळे चाचपडत होते. मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत नाव लिहिलं आणि बरोबर निघालं. "मावशी, तुम्ही पिक्चर बघितले तरी किती हो?" एकीनं विचारलं. मी नुसता हसरा चेहरा पाठवला. काय सांगणार, टॉकीजचं दार ओलांडलं नाही म्हणून? टीव्हीवर हेच सिनेमे लागतात, पण नावं सरली की मी बंद करते. बघायचा तर मोठ्या पडद्यावर, हे खूळ तुम्हीच डोक्यात घातलंय.

छावणीतल्या टॉकीजमध्ये तुम्ही मशीन चालवायचा. रीळ तुटलं की खराब भाग कापून दोन टोकं चिकटवायची आणि कापलेला तुकडा शर्टाच्या खिशात. दुपारी जेवायला आलात की स्वयंपाकघराच्या खिडकीत तो उन्हाला धरायचा. आई भाकरी थापतेय, आणि तुम्ही म्हणताय, "सांग माय, कोणता?" टांग्यावरून फिरणारे बोर्ड, शेजारच्या रेडिओवरची गाणी, तुम्ही आदल्या दिवशी बोलून गेलेलं काहीबाही, सगळं जोडून मी नाव घ्यायची. बरोबर आलं तर तुकडा माझ्या टीनच्या डब्यात, चुकलं तर परत खिशात. मग तुम्ही गोष्ट सांगायचा, पण शेवट कधी नाही. शेवट विचारला की, "लई झालं, जेवू दे आता." एकदा मी म्हणाले, मला न्या ना टॉकीजमध्ये. तुमचा घास हातातच राहिला. "ऑपरेटरची पोरगी रोज टॉकीजात बसती, म्हणतील लोक. नाय जमायचं." आईनं भाकरी उलटली. अख्ख्या गावाला सिनेमा दाखवत होता, अण्णा. मला अजून राग येतो तुमचा.

आणि तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या सासरच्या दारात उभे. "आज माझा शेवटचा खेळ. चल, बाल्कनीत बसवतो, पुरा पिक्चर बघ." त्या कंदिलवाल्या बाईचाच सिनेमा पुन्हा लागला होता. सासूबाई आतून ऐकत होत्या. मी म्हणाले, "आता कशाला अण्णा, लोक काय म्हणतील." शब्द तुमचेच, पण ते तुमच्याच तोंडावर फेकताना मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू. "व्हय, ते बी खरं," म्हणालात आणि चहा न घेता गेलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

आता मी मुलाच्या फ्लॅटवर असते. मागं एकदा गॅस चालू ठेवून खाली भाजीला गेले, तेव्हापासून मुलगा-सून दोघं कामावर जाताना बाहेरून किल्ली फिरवून जातात. "आई, तुझ्याच भल्यासाठी." भांडले, रडले, मग सवय झाली. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाते, खिडकीतून रिक्षा बघते. बुधवारी दुपारी ग्रुपवाल्यांनी हॉल घेतलाय, पडदा लावणार आहेत. सिनेमा तोच, म्हणूनच सकाळी तो फोटो टाकला होता. "मावशी, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत." मी लिहिलं, घराला कुलूप असतं, येणं व्हायचं नाही. सगळ्यांनी हळहळ पाठवली. मुलाला सांगून बघा, म्हणाले.

हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. दाराची दुसरी किल्ली मला दोन वर्षांपूर्वी मसाल्याच्या डब्यांमागं सापडली. दाराला आतूनही किल्लीचं भोक आहे. तुमच्या तुकड्यांच्या टीनच्या डब्यात ठेवलीय. अजून एकदाही लावून बघितली नाही.