पाळीपत्रकाचं टोपणनाव

३ मार्च
कवठे महांकाळ. आमच्या पाणी वापर संस्थेत नवा कॉम्प्युटर आला. कुणाच्या शेताला कधी पाणी, ते सांगणारं पाळीपत्रक छापणारा जुना प्रोग्राम त्यावर बसवायचं काम माझं. चेअरमन आकारामआप्पांना दोन दिवस लागतील म्हणून सांगितलं. दोन तास पुरेत.

७ मार्च
प्रोग्राम सभासदांच्या डेटाबेसला ‘पाणी’ या टोपणनावानं हाक मारतो. ‘पाणी’ म्हणजे नक्की कुठली फाइल, हे कंपाइल करताना, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना, ऑप्शन देऊन सांगता येतं. यंदाची फाइल सांगितली. मॅन्युअल उघडलं नाही. गरज काय.

१० मार्च
कंपायलरची वॉर्निंग. हेच टोपणनाव प्रोग्राममध्येही जाहीर केलंय म्हणे. ऑपरेटर रेश्मा म्हणाली, सर, तिथं गेल्या सालची फाइल लिवलीया, ती ओळ बदला. तिला समजावलं की ऑप्शनच वरचढ असतो. अंदाजच होता, पण आवाज खात्रीचा लागला.

११ मार्च, दुपारी ४
वॉर्निंग बंद करायचाही ऑप्शन असतो. केली बंद. स्क्रीन स्वच्छ.

१२ मार्च
पत्रक बोर्डावर. आप्पा ब्येस म्हणाले. रेश्माला एकदा ताडून बघायचं होतं. वेळ नाही म्हणालो.

१९ मार्च
बिरदेव आणि बनाबाई, नवराबायको, ऑफिसात आले. यंदाच सभासद झालेत. पत्रकात नाव नाही म्हणून पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं पाणी पुढं नेलं. बनाबाई म्हणाल्या, आवं सायेब, मिरचीनं माना टाकल्या. मी म्हणालो, कॉम्प्युटर चुकत नाही, अर्ज करा.

२० मार्च
पत्रक वाचलं. गेल्या वर्षीचं आहे. दोन मयत सभासदांना पाणी दिलंय. म्हणजे प्रोग्राममधलीच ओळ वरचढ. हे कंपायलर बनवणाऱ्यांनी आधी सांगायला हवं होतं.

२१ मार्च
ती ओळ काढूनच टाकली. ती नसेल तर नुसता ऑप्शन चालत नाही म्हणे; आता ‘पाणी’ कोण, हेच त्याला माहीत नाही. कंपाइल होत नाही. उद्या नक्की.

२४ मार्च
नाही झालं. काढलेली ओळ शब्दशः आठवत नाही. मूळ प्रत होती तो जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. पाठवण्याची सूचना माझी.

२ एप्रिल
बिरदेवकडे स्वतः गेलो. पुढच्या आवर्तनाला पाणी सुटेल तेव्हा तुमचं नाव सगळ्यात वर टाकतो म्हणालो. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या सायेब, मिरची उपटली काल. बनाबाईंनी चहा दिला. तो प्यायला नको होता.

७ एप्रिल
पाळीपत्रक आता रेश्मा हातानं लिहिते. माझ्याकडे ते बोर्डावर लावायचं काम. आज लावलं. बिरदेव आला, त्यानं टाचण्या काढल्या आणि कागद सुलटा केला.