सतरा नंबरची माती

९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? लेकीचा खोकला थांबला का? जावईबापूंचा पाय प्लास्टरमधून निघाला असेल. नातीला दात आले? आणि मागच्या दारची लिंबोणीची कुंडी? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

मी बरा आहे. प्रयोगशाळेत काचा धुतो, तिथल्या संशोधक बाईंना ठिकठिकाणची माती आणून देतो. त्या मातीतली बुरशी बाई वाढवतात आणि ती रोगजंतूंना मारते का ते बघतात. बघून बघून मलाही चार गोष्टी कळायला लागल्यात. सतरा नंबरच्या पुडीतल्या बुरशीनं तर कमालच केली. ज्या जंतूंपुढे दवाखान्यातली औषधं हात टेकतात, ते तिच्या वाऱ्यालाही उभे राहीनात. काचेच्या बशीत तिच्याभोवती अंगठ्याएवढं स्वच्छ रिंगण, आत एक जंतू नाही. बाई नाचायच्याच बाकी होत्या.

पण या बशीतून त्या बशीत नेता नेता तिचा जोर ओसरला. रिंगण आता नखाएवढं उरलंय. मूळ जागेची ताजी माती हवी. पुडीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘डोंगर’. बाई तीनदा डोंगर चढून आल्या.

"काका, नेमकं कुठं खणलंत?"

"त्या मोठ्या दगडापाशी."

"तिथं दगडच दगड आहेत हो."

"मग त्यातलाच एक."

हसल्या बिचाऱ्या. तळहाताला फोड आले होते. वरचे साहेब म्हणतात, निकालच बनावट. महिनाअखेर पुन्हा करून दाखवा, नाहीतर काम बंद.

धाकटे, मी डोंगरावर गेलोच नव्हतो. गुडघा धरला होता, आणि म्हातारा झाला म्हणून काढून टाकतील ही धास्ती. त्या दिवशी तुझ्याकडे आलो. तू चहा ठेवायला आत गेलीस, तेवढ्यात वाळक्या लिंबोणीच्या बुंध्याशी खरवडून पुडी भरली. मुळांवर पांढरं काही धरलं होतं. आणि वर तुलाच शहाणपण शिकवलं, "मेलेलं झाड कशाला जपतेस? फेकून दे कुंडी." भाऊजींनी जाण्याआधी लावलेलं झाड ते. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "दादा, पुन्हा येऊ नकोस."

कुंडी असो वा नसो, उद्या सकाळी बाईंना खरं सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली.

लहानपणापासून तू माझं एक ऐकलं नाहीस. हेही ऐकलं नसशील, एवढ्याच आशेवर बसलोय. कुंडी असेल तर हात लावू नकोस, पाणी घालू नकोस, आणि उत्तर आजच टाक. ‘आहे’ किंवा ‘नाही’, एवढं पुरे. राग नंतर सावकाश लिही, पानंच्या पानं लिही. वाचीन.

तुझ्या दाराबाहेरचा,
दादा