आणखी काही?

दि. ७ जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. फोन करत जा असं तू लिहितेस. पण आपला फोन म्हणजे तू विचारणार कसे आहात, मी म्हणणार बरा आहे, आणि मग दोघंही घड्याळाकडे बघणार. पत्रात निदान माणूस चार ओळी खरडतो.

बातमी अशी की तुझा बाप सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा शाळेत जायला लागलाय. दवाखान्याच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर शिक्षणाचे तीस तास भरा, नाहीतर पाटी उतरवा, असं पत्र आलं होतं. मी ते औषधांच्या कपाटात कोंबून ठेवलं. कंपाउंडरने शोधून काढलं आणि माझ्यापुढे आपटलं. चाळीस वर्षं तो माझ्या हाताखाली आहे, असा फक्त माझा समज आहे. तर आता दर शनिवारी दुपारी मी आमच्या संघटनेच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसतो.

मला वाटलं होतं, नवी औषधं शिकवतील. पण विषय निघाला, फॅमिली डॉक्टरने पेशंटचं ऐकायचं कसं आणि स्वतःची तब्येत सांभाळायची कशी. शिकवणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या. त्यांनी टेबलावर घड्याळ ठेवलं आणि सांगितलं की पेशंट बोलायला लागला की दोन मिनिटं डॉक्टरने तोंड उघडायचं नाही. तो थांबला की विचारायचं, आणखी काही? आणि परत गप्प बसायचं. मी हात वर करून म्हटलं की माझ्याकडे रोज साठ माणसं असतात, एकेकाचं पुराण ऐकत बसलो तर शेवटचा पेशंट वाट बघून बघून आपोआप बरा होईल आणि घरी जाईल. वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या की आठवडाभर करून बघा, मग माझ्याशी भांडा.

घरी सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या खोलीची खिडकी अडकत होती, ती तासून घेतली. पुढच्या महिन्यात तुझ्या आईला जाऊन तीन वर्षं होतील. तेव्हा पंधरा दिवस राहून गेलीस ती गेलीसच. मोठ्या हॉस्पिटलात रजा मिळणं अवघड असतं, कळतं मला. मिळालीच तर कळव, म्हणजे गादीला ऊन दाखवून ठेवीन.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा,
बाबा

—

दि. १९ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्ही आणि दोन मिनिटं गप्प, हे बघायला मी तिकीट काढून आले असते. लहानपणी माझं पोट दुखतंय हे सांगून होण्याआधी तुमची गोळी माझ्या तोंडात असायची.

माझे पेशंट बोलत नाहीत, हे एक बरं आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छातीचे आणि हाडांचे फोटो बघते आणि खाली चार ओळी लिहिते. माणूस येतो कधी, जातो कधी, मला पत्ता नसतो. कुणाला आणखी काही विचारायची वेळच येत नाही.

रजेचं या महिन्यात जमणार नाही. आमच्यातली एकजण बाळंतपणाला गेलीय, तिचं कामही माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात बघू. वर्ग बुडवू नका आणि शिकवणाऱ्या बाईंना छळू नका. वेळेवर जेवत जा. कंपाउंडरकाकांना नमस्कार सांगा. बाकी इकडे सर्व ठीक.

लोभ असू द्यावा.

आपली,
भिंगरी

—

दि. १४ जुलै

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पुढच्या महिन्यात बघू, हे तू मला आठव्यांदा लिहिलंयस. रागावून सांगत नाही. पत्रं जपून ठेवतो, म्हणून कळलं.

बाईंशी भांडायचा बेत फसला. आपल्या गल्लीच्या टोकाला कपडे शिवणारी बाई आहे ना, तुझे शाळेचे कपडे शिवायची ती, डोकेदुखीसाठी दोन वर्षं माझ्याकडे येते. मी गोळ्या द्यायचो, ती न्यायची. या वेळी म्हटलं, चला, प्रयोग करू. ती बोलली, मी जीभ दाताखाली धरून बसलो. ती थांबल्यावर विचारलं, आणखी काही? तिने आधी माझ्याकडे संशयाने बघितलं, मग पदराशी चाळा करत म्हणाली की हल्ली सुई ओवता येत नाही, शेजारणीकडून ओवून आणते, आणि हे कुणाला कळलं तर शिवायला कोण देणार. रक्त तपासलं तर साखर आभाळाला भिडलेली. दोन वर्षं ती माझ्यासमोर त्याच स्टुलावर बसत होती गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेव्हापासून सगळ्यांना विचारतो. दवाखाना दुपारी तीनपर्यंत आवरत नाही आणि कंपाउंडर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतो.

पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गेल्या शनिवारी वर्गात बाईंनी आमच्या जोड्या लावल्या. एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने पेशंट. पेशंट असा निवडायचा की ज्याचं बोलणं आपल्याला तोंडपाठ आहे. माझ्यासमोर पलीकडच्या वस्तीतली एक डॉक्टरीण होती, पन्नाशीची, शांत. मी काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि तुझी आई बोलायला लागली. पाठीत भरून येतं म्हणाली. जिना चढताना मध्ये टेकावं लागतं, पूर्वी असं नव्हतं. भांडी घासतानाही दम लागतो. वय झालं असेल. ती डॉक्टरीण ऐकत राहिली. मग तिने विचारलं, आणखी काही? आणि मी म्हणालो, असू दे, तुमच्याकडे माणसं खोळंबलीत.

वर घरी जेवताना तुझी आई दर वेळी हेच म्हणायची आणि उठायची. मी उठू द्यायचो.

त्या डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की या बाईंना आजच्या आज हॉस्पिटलात न्यायला हवं. तिला काही माहीत नव्हतं. सहज सांगितलं तिने. कुणीही सांगितलं असतं. मी दीड महिना तुझ्या आईला पित्ताचं औषध आणि पाठीला मलम देत होतो आणि ती स्वयंपाकघरात पडली तेव्हा खाली दवाखान्यात बसून कुणाचा तरी घसा बघत होतो. तू निघताना दारात म्हणाली होतीस की डॉक्टरच्या घरात आई डॉक्टरविना गेली. तेव्हा मी मान खाली घातली होती. आज लिहितो की तू म्हणालीस ते बरोबर होतं.

तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी बाकी सर्व ठीक असतं. तीन वर्षं मी ते ठीक मानून पत्र घडी करून ठेवतो. आता विचारतो. भिंगरी, आणखी काही?

मी थांबतो. तुला हवा तेवढा वेळ घे.

तुझा,
बाबा

—

दि. ९ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरतेय. उत्तर चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं आहे, हे न वाचताच पाकिटात घालणार आहे.

आई गेली त्याच्या बारा दिवस आधी, मंगळवारी दुपारी तिने मला फोन केला होता. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. माझ्यासमोर चाळीस फोटो पडले होते. तिने तेच सगळं सांगितलं, पाठ, जिना, दम. मी खांद्यात फोन धरून, फॉर्म भरावा तसे तीन प्रश्न विचारले आणि मला कळलं, हे हृदयाचं आहे. मी तिला म्हटलं, आजच बाबांना कार्डिओग्राम काढायला सांग. आणि म्हटलं, मी पण संध्याकाळी बाबांशी बोलते.

मी बोलले नाही, बाबा. विसरले असते तर बरं झालं असतं. मी टाळलं. त्याच्या आधी एकदा तुमच्या एका पेशंटबद्दल मी काही सुचवलं होतं, तर तुम्ही पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नव्हतात. म्हटलं, जाऊ दे, आई सांगेलच, उगाच कशाला वाकडेपणा. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं, मग तिसऱ्या. आई कुणाला काही सांगत नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी तिच्यावर सोडलं.

दारात मी तुम्हाला जे बोलले ते यासाठी बोलले की तुम्ही मला काही विचारू नये. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मान खाली घातलीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तीन वर्षं मी तुमच्यावर रागावलेय असं तुम्हाला वाटू दिलं, कारण ते सोपं होतं. रजा मिळते, बाबा. भरपूर मिळते. मला तुमच्यासमोर बसवत नाही, एवढंच.

घर आठवतं. जेवायला चला म्हणून आई जिन्यातून ओरडायची ते आठवतं, दवाखान्यातून येणारा स्पिरिटचा वास आठवतो. इथे एवढं मोठं हॉस्पिटल आहे, पण तो वास येत नाही.

आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आपली,
भिंगरी

—

दि. १७ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पत्र दुपारी आलं. पेशंट बाहेर बसले होते, त्यांना अर्धा तास बसवून वाचलं. आता मीही एक सांगतो. ते वाचून तू यायची असलीस तरी येणार नाहीस, या भीतीने आजवर सांगितलं नाही.

तुझ्या आईने मला सांगितलं होतं.

त्याच मंगळवारी. तुझा फोन ठेवून ती तशीच खाली आली. तीस-पस्तीस वर्षांत ती कधी दवाखान्याच्या वेळात आली नव्हती. त्या दिवशी एक पेशंट बाहेर गेला आणि ती पदर सावरत आत येऊन स्टुलावर बसली. म्हणाली, पोर म्हणतेय कार्डिओग्राम काढून घे, आजच. मशीन माझ्या हाताशी होतं. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो की फोटो बघणाऱ्यांनी आता आम्हाला दवाखाना शिकवावा, एवढंच राहिलं होतं. कंपाउंडर हसला. तुझी आईही हसली, म्हणाली, मी पण ना, पोरीचं ऐकून तुम्हाला त्रास देते, आणि वर गेली.

तुझा निरोप पोचला होता, भिंगरी. एकही शब्द न गळता पोचला होता. तू संध्याकाळी फोन केला असतास तर मी तुलाही तेच ऐकवलं असतं, आणि वर पंधरा दिवस फुगून बसलो असतो. तू अंधाऱ्या खोलीत बसून, तिला न बघता, तीन प्रश्नांत ओळखलंस. आणि मी रोज तिच्या हातचा चहा पीत होतो. तेव्हा तुझ्या वाटणीचं म्हणून जे उरापाशी धरून बसलीयस ते खाली ठेव. ते माझं आहे. मी ते तुला तीन वर्षं वाहू दिलं, हा माझा दुसरा गुन्हा.

कंपाउंडरने या तीन वर्षांत त्या दुपारचं नाव काढलेलं नाही. आज मी काढलं. तो बाहेर जाऊन बाकावर बसला, मग मीही जाऊन शेजारी बसलो. पेशंट बघत राहिले.

तास पूर्ण झाले, प्रमाणपत्र आलं. पाटी अजून पाच वर्षं राहील म्हणतात. मी ते टेबलाच्या खणात ठेवलंय.

मला तुझी फार आठवण येते. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, मी खिडकीचं लिहिलं. आता सगळं तुझ्यासमोर आहे. यावंसं वाटलं नाही तर तो तुझा हक्क आहे, मी पुन्हा रजेचं विचारणार नाही. फक्त पत्र लिहिणं थांबवू नकोस.

लोभ मागायचं तोंड नाही. तुला द्यावासा वाटला तर दे.

तुझा,
बाबा

—

दि. २८ ऑगस्ट

बाबा,

तुमचं पत्र वाचून आधी हलकं वाटलं आणि मग तुमचा इतका राग आला की चार दिवस मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. काम करताना, जेवताना, जिन्यावर. पाचव्या दिवशी लक्षात आलं की हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचंय. पत्रात मावणार नाही.

म्हणून येतेय. महिनाभराची रजा टाकलीय, लगेच मिळाली. मंगळवारी दुपारी पोचेन. घ्यायला येऊ नका, दवाखाना बंद ठेवू नका.

मला त्या दुपारचं सगळं ऐकायचंय. आई कुठली साडी नेसली होती, स्टुलावर कशी बसली, हसली ती कशी हसली. शेवटची हसलेली तुम्ही बघितलीय, मी नाही. माझ्याकडे फक्त तिचा फोनवरचा आवाज आहे, तो मी तुम्हाला सांगेन.

मी ओरडेन आणि बहुतेक खूप रडेन. तेव्हा बाबा, गोळी काढायला उठू नका. तिथेच बसा.

तुमची,
भिंगरी