तीन चिंचोके

मास्तर, येत्या रविवारी शाळेत तुमचा फोटो लावणार आहेत आणि तुमचा विद्यार्थी म्हणून चार शब्द बोलायला मला बोलावलंय. भाषण लिहायला बसलो आणि हे लिहून होतंय.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची ती असेंब्लीची निवडणूक. मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा, वतन नाहीतर शिक्षण असेल त्यालाच. आपल्या भागात जागा तीन, त्यातली एक अस्पृश्यांसाठी राखीव, म्हणून प्रत्येकाला तीन मतं, आणि वाटलं तर तिन्ही एकालाच देता यायची. माझे वडील एका उमेदवाराचे गावातले कारभारी. महारवाड्यातल्या वतनदारांना त्यांनी बजावलं होतं, दोन मतं आमच्या माणसाला. तुम्ही त्याच लोकांना शाळेच्या ओट्यावर बसवलंत, एकेकाच्या तळहातावर तीन चिंचोके ठेवलेत आणि मूठ मिटायला लावलीत. "इस्कटू नका. तिन्ही आपल्याच माणसाला." तुम्ही ख्रिस्ती, तुमची मतदारयादीच वेगळी. यात तुमचा काडीचा फायदा नव्हता, आणि वडिलांना तेच जास्त झोंबलं. मला म्हणाले, "मास्तर लई शाना झालाय. जरा समजवून या."

मी एकोणीस वर्षांचा, सोबत दोन चुलतभाऊ. भर दुपार, शाळा सुटलेली. तुम्ही पाठमोरे, फळा पुसताय. मागून घोंगडी टाकून आम्ही तुम्हाला खाली पाडतो. भाऊ लाथा घालतात. बरगडी मोडल्याचा आवाज येतो, वाळकी काटकी मोडावी तसा. तुम्ही ओरडत नाही. घोंगडीतून एवढंच म्हणता, "पोरांनो, चष्मा हाय. तोंड सोडून मारा." मी तोंड सोडलं. तुमचा उजवा हात बाहेर आला होता, माझा हात धरून मला अक्षर गिरवायला लावणारा. त्याच्यावर काठी घातली, तीनदा. पहिला फटका वडिलांच्या धाकानं. उरलेले दोन माझे. मला तेव्हा बरं वाटलं होतं, मास्तर.

भाऊ पळाले. मीही पळालो, पण मास्तर मेले तर, या भीतीनं गाडी जुंपून परत आलो आणि तुम्हाला नगरच्या दवाखान्यात नेलं. खालचा कडबा रक्तानं भिजला होता. तुम्ही सारखे म्हणत होतात, "तू आलास म्हणून वाचलो रे." दुसऱ्या दिवशी मतदान झालं. महारवाड्यातून कुणी फिरकलं नाही.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. डाव्या हातानं लिहायला शिकलात आणि पहिलं लिहिलंत ते माझं शिफारसपत्र. त्यावर मला मास्तरकी मिळाली. पुढं दर नाताळाला तुम्ही मला जेवायला बोलवायचात आणि पाहुण्यांना सांगायचात, यानं मला वाचवलं. मी मान खाली घालून करंजी खायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

हा कागद आता चुलीत जाईल. रविवारी मी गाडीचंच सांगणार आहे.