कानबाईच्या दिवशी विमान

१८ जुलै १९९८, शनिवार

विमान! कापडाचे लूम चालवणाऱ्या आमच्या नवागाममध्ये! डोकं फिरायची वेळ आली.

नात चैताली बारावीला आहे. बाजूच्या उधन्याला कुठलासा कम्प्युटर क्लास निघालाय. तिथे पंधरा दिवस विमानाच्या धंद्यातल्या कामांचा अनुभव देतात म्हणे, आणि हिने नाव घातलंय. मी विचारलं, विमान उभं कुठे करतात? म्हणते, "आबा, विमान नसतं. सगळं कम्प्युटरवर. एक जण पायलट, एक जण टॉवरमधून विमान उतरवणारा, एक जण दुरुस्तीवाला." म्हणजे विमान नाही, विमानतळ नाही — आणि कामाचा अनुभव! मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मला कळतं. लूम नसताना लूम चालवायला शिकलो असतो तर मालकाने दारातूनच हाकललं असतं.

मुलगा भूपेंद्र, म्हणजे तिचा बाप, नुसता हसत होता. बाप आहे की पाहुणा!

२० जुलै

विमान पडतं. हे कोणी बोलत नाही! लूमचा धोटा उडाला तर डोळा जाईल, पट्ट्यात हात गेला तर बोटं जातील. माणूस उरतो. विमानात काय उरतं?

सकाळी चहाच्या हातलारीवर लूमवरचा जुना सोबती काशिनाथ सगळ्यांसमोर ओरडला — "लोटूभाऊ, नात हवाईसुंदरी होणार म्हणे! आम्हाला पण फिरवा फुकटात!" लोक हसले. मी चहा तसाच ठेवून उठलो. घरी येऊन चैतालीवर ओरडलो. तिने काय केलं होतं? काही नाही. पण कोणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

२३ जुलै

पोरगी पुटपुटायला लागली आहे.

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. भिंतीला भिंत लागून लूमचा कारखाना. पोरं पाळण्यातही ओरडून रडतात. त्यात माझे कान लूमनेच खाल्लेले. चैतालीचा आवाज तर असा होता की नाक्यावरून हाक मारली तर मला ओट्यावर ऐकू यायची. आता मान खाली घालून हळूहळू बोलते. ताटाशी बोलते की माझ्याशी, कळत नाही. काल विचारलं, काय लपवतेस? काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. परत विचारलं. परत तेवढ्याच आवाजात! मला बहिरा समजते की मूर्ख?

नक्की काहीतरी भानगड आहे. क्लासमध्ये मुलगेच जास्त आहेत.

२६ जुलै, रविवार

पुढच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशी देवी, घरात बसणार. धुळ्याकडचे भाऊबंद येणार, नैवेद्याचे रोट होणार, रात्री जागर. त्या दिवशी आमच्या घरातलं माणूस गल्ली सोडून गावात कुठे जात नाही. माझ्या बापाने पाळलं, मी पाळतो.

आणि ही म्हणते, त्याच रविवारी क्लासचा शेवटचा दिवस! दिवसभर सगळी पोरं मिळून विमानतळ चालवणार. टॉवर हिच्याकडे दिलाय. जो सगळ्यांत चांगलं करेल त्याला सर बडोद्याला खरा टॉवर दाखवायला नेणार, आठवडाभर.

मी म्हटलं, नाही.

म्हणाली, का?

नाही म्हणजे नाही! का कसलं विचारतेस!

३० जुलै

रोटाचे गहू काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माझी, भूपेंद्रची, धाकट्या योगेंद्रची, त्याच्या पोराची. चैताली समोर बसून सूप धरत होती. सूप खाली ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलली, या खेपेला मोठ्याने — "आबा, माझ्या नावाची मूठच नाही. मग मी नसले तर कानबाईला काय कमी पडेल?"

मी सूप लाथाडणार होतो. देवीचे गहू, म्हणून पाय आवरला. उलट बोलते! देवीचं मध्ये आणते! भूपेंद्रला म्हटलं, बघ तुझी लेक. तो म्हणाला, "बाबा, खोटं काय बोलली?"

 

१ ऑगस्ट

उद्या दारात मी स्वतः बसणार. बघू कोण जातं.

२ ऑगस्ट, रविवार

जागराला बसण्याआधी लिहून काढतो. 

सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलो होतो. आत बायका रोट करत होत्या. दुपारी भाऊबंद आले, त्यांच्या पाया पडण्यात जरा उठलो — चैताली गायब! ओरडलो. माझी बायको प्रमिला पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "बठ्ठा गावले ऐकू जाई इतलं बोंबलू नका. बाबुरावना फोनवर शे ती. गल्लीना भाईर नही ना गयी!"

म्हणजे प्रमिलाचाच डाव! गावात जायचं नाही म्हटलं, तर गल्लीतल्या बाबुरावच्या एसटीडी फोनवरून टॉवर चालवायचा! क्लासमध्ये पोरं कम्प्युटरवर, तिथे फोन मोठ्या आवाजात लावलेला, आणि चैताली इथून बोलणार. सरांनीही हो म्हटलं. बाबुरावलाही माहीत. भूपेंद्रलाही. मी सोडून सगळ्यांना!

फरफटत आणायचं ठरवून निघालो. बाबुराव दुकानाच्या पायरीवर आडवा आला. "लोटूदादा, पाच मिनिटं. विमान वर आहे." त्याला म्हटलं, तुझ्या टाळक्यात आहे विमान!

चैताली फोनच्या काचेच्या खोक्यात उभी होती. पाठीमागे कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढलेला विमानतळाचा नकाशा चिकटवलेला. फोन खांद्यात धरलेला, हातात पेन्सिल. गल्लीत डफ वाजत होता, पलीकडे कारखाना. काचेतून आवाज यायचा प्रश्नच नव्हता.

पण मला सगळं कळलं. लूमच्या खडखडाटात आम्ही जन्मभर ओठच वाचले. बिहारी, उडिया, आपला खानदेशी — सगळ्यांचं हिंदी, सगळं ओठांवर. तिचे ओठ असे स्वच्छ हलत होते! पलीकडे क्लासमध्ये प्रफुल्ल नावाचा मुलगा पायलट होता. त्याला कम्प्युटरवरच्या ढगात धावपट्टी दिसेना. तो घाबरला होता, हे तिच्या उत्तरांवरून कळत होतं.

"प्रफुल्ल, घबरा मत. मैं इधर ही हूँ." मग थांबली. "पहले ऊँचाई बोल. बस उतना ही बोल." परत थांबली. "अच्छा. अब थोड़ा लेफ्ट. और थोड़ा. हाँ. मैं बोलती हूँ तब नीचे आ."

कपाळावर घाम होता पण तोंडावर काही नाही. मी आयुष्यात कोणाशी इतकं थांबून बोललो नाही. माझ्याशीही कोणी बोललं नाही.

मग तिने डोळे मिटले आणि फोन ठेवला. विमान उतरलं असावं. तेव्हा तिने मला पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला! मला बघून! ढगातल्या विमानाला घाबरली नाही, मला घाबरली.

 बाबुरावला शिव्या दिल्या आणि परत आलो.

३ ऑगस्ट

कानबाईचं विसर्जन झालं. वाटेत प्रमिलाने सांगितलं — हळू बोलायला सरांनी शिकवलंय. विमानाशी रेडिओवर ओरडून बोललं की शब्द फाटतात. घरीही सवय व्हावी म्हणून चैताली तशी बोलत होती. मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं! म्हणे, "पोरगीनी तीनदा सांगं तुमले. तुम्ही आयकतस कोठे?"

५ ऑगस्ट

सरांचा निरोप आला. बडोद्याला चैताली जाणार. मुलीबरोबर घरचं एक माणूस हवं. भूपेंद्रला सुट्टी नाही, योगेंद्र बिनकामाचा. मी जातो म्हटलं. सगळे असे बघायला लागले जशी मला शिंगं फुटली!

विचार केला. टॉवर जमिनीवर असतो. विटांचा, जिना असलेला. पडत नाही. पोरगी वर बसून दुसऱ्यांची विमानं उतरवेल, संध्याकाळी जिना उतरून घरी येईल. एवढं चालेल. काशिनाथला काय बोलायचं ते बोलू दे, त्याच्या बापाचं काय जातं!

७ ऑगस्ट, शुक्रवार

जेवताना चैताली सगळ्यांसमोर म्हणाली — टॉवर बघायला जाईन, पण तिथे नोकरी करायची नाही. प्रफुल्लच्या जागेवर बसायचंय. खऱ्या विमानात. वर.

 सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी अजून नाही म्हटलेलं नाही.