लेसर, पाते आणि तानीचा उजवा डोळा

निपाणी,
८ जानेवारी २०२५

चि. समता हिस,
मामाचे अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

तुझे पत्र आणि सोबतची दवाखान्याची रंगीत पुस्तिका पोचली. फोन न करता लिहिलेस हे बरे केलेस. फोनवर तू माझे वाक्य मध्येच तोडतेस, कागदावर ती सोय नाही. तुझ्या आईच्या, आमच्या तानीच्या, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू लेसरनेच काढायचा असे तू आधी ठरवलेस आणि मग माझे मत विचारलेस. क्रम उलटा आहे, तरी मत देतो.

पुस्तिकेत हसणाऱ्या आजीबाई पानोपानी आहेत, युक्तिवाद एकही नाही. ‘पात्याविना शस्त्रक्रिया’ असे ठळक छापले आहे, जणू बाकीचे नेत्रतज्ज्ञ विळी घेऊन बसतात. वस्तुस्थिती अशी की लेसर डोळ्याच्या दर्शनी पडद्याला बारीक छेद देतो, भिंगावरच्या पातळ वेष्टनाला गोल खिडकी पाडतो आणि गढूळ भिंग चिरून ठेवतो. नेहमीच्या पद्धतीत हेच डॉक्टरांचा हात करतो. पुढचे सारे एकच आहे: तीच ध्वनिलहरींची सुई, तेच भिंग ओढून काढणे, तेच नवे कृत्रिम भिंग बसवणे.

तू लिहितेस, उद्यमबागेतल्या तुमच्या कारखान्यात हाताने घासलेला माल गिऱ्हाईक परत पाठवते आणि यंत्रावरचा ठेवून घेते. म्हणून डोळ्यालाही यंत्रच बरे. दृष्टान्त आकर्षक आणि चुकीचा आहे. ओतीव लोखंडातली चूक तशीच राहते, जिवंत डोळा भरून येतो. लेसरची खिडकी अधिक गोल असते, मान्य. पण प्रश्न गोलाईचा नाही, नजरेचा आहे; आणि दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत काही महिन्यांनंतरच्या नजरेत दखल घेण्याजोगा फरक आढळलेला नाही. जे अधिक नेमके ते अधिक हितकर, हे आधीच गृहीत धरून तू तेच सिद्ध करू पाहतेस. तर्कशास्त्राच्या वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलांचे मी याबद्दल गुण कापत असे. तू तर इंजिनियर आहेस.

तानीचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या रोगात गेला. उरलेल्या एका डोळ्याबाबत भाबडेपणा परवडणार नाही. लेसर असो वा पाते, डोळा कापलाच जातो. आतला पडदा फाटणे, सूज येणे, जंतू शिरणे हे धोके थोडे का होईना, दोन्हीकडे आहेत. निष्णात हात शोध, यंत्र शोधू नकोस.

लोभ आहेच, तो तुझ्या युक्तिवादावर अवलंबून नाही.

तुझा मामा,
यल्लाप्पा


वडगाव, बेळगाव,
१९ जानेवारी २०२५

ती. मामांस,
समताचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाद तुम्ही जिंकलात, आणि आता ऑपरेशनच होणार नाही.

तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत आहे. आईला वाचता येत नाही, म्हणून तुमचं पत्र आलं की जेवणं उरकून मी ते मोठ्यानं वाचते. एक अक्षर गाळायचं नाही, हा तिनंच घातलेला नियम. शेजारणी येऊन बसतात. यावेळी खासबागेच्या अंबुबाईही होत्या. ‘डोळा कापलाच जातो’ इथं मी पोचले आणि आईनं पदर डोळ्यावर ओढला. पुढचे धोके तर तुम्ही नावानिशी सांगितलेत. आता तिला लेसर नको, पातं नको, डॉक्टरांची गल्लीही नको. आमचा अण्णा कवा खोटं लिवत न्हाय, एवढंच धरून बसली आहे. अंबुबाईंनीही आपल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली.

मी मुद्दाम गाळून वाचायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण पत्र मला लिहिता आणि ऐकते ती, हे इतक्या वर्षांत तुमच्या ध्यानात आलं नसेल, तर तुमच्या तर्काचे गुण मी कापते.

डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पुरता पिकलाय. असाच ठेवला तर डोळ्यात दाब वाढून नस मरेल, मग कुठलीच पद्धत उपयोगी पडणार नाही. परवा हातमागांच्या गल्लीत तिला मोटारसायकलचा आरसा लागला. पोरगं आडून आलं, असं ती म्हणते. ते समोरूनच येत होतं, मामा.

शेवटचं तिचं बोलणं कळवते, कारण तिनं कळवायला सांगितलंय. अण्णाच्या डोळ्यात बी मोतीबिंदू हाय म्हणं, मग त्यो का गप बसलाय?

तुमच्या रागासकट तुमच्या मायेची धनी,
समता


निपाणी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. तानी हिस,
अण्णाचे अ. आ. व जयभीम.

हे पत्र तुला लिहितो आहे. समता फक्त वाचील. तुझा आक्षेप कळला. तो तर्काला धरून नाही. वैद्याने स्वतः औषध घेतले नाही म्हणून औषध वाईट ठरत नाही. परंतु तुझ्यापुढे तर्क कधीच टिकला नाही, म्हणून मागच्या आठवड्यात मी माझा डावा डोळा करून घेतला. नेहमीच्या पद्धतीने, हाताने.

मी ‘कापला जातो’ लिहिले ते खरे होते आणि निरुपयोगी होते. छेद किती, ते लिहिले नाही. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा. त्याला टाकाही घालत नाहीत. थेंब टाकून डोळा बधिर करतात. वर पांढरा उजेड दिसतो, गार पाणी वाहते, दुखत नाही. डॉक्टर सारा वेळ नर्सबाईंशी कन्नडमध्ये मुलीच्या शाळाप्रवेशाविषयी बोलत होते; माझ्या डोळ्यापेक्षा तो विषय त्यांना गंभीर वाटत असावा. त्यापूर्वी दवाखान्यातल्या एका तरुणीने मला अंकल म्हणत म्हणत महागडे भिंग खपवण्याचा यत्न केला. तिला ‘उत्तम’ आणि ‘महाग’ यांतला फरक विचारला, तेव्हा ती साहेबांना विचारून येते म्हणून गेली आणि परत आली नाही. सगळ्या प्रकरणातला त्रासदायक भाग तेवढाच.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. जो सदरा पांढरा समजून मी समारंभांना घालत होतो, तो पिवळा आहे. हे मला कोणी सांगितले नाही. तेव्हा हट्ट सोड आणि तारीख घे.

समता, येथून पुढचे मोठ्याने वाचू नये.

चाचण्यांचे निष्कर्ष हजारो डोळ्यांच्या सरासरीविषयी असतात. तानीचा डोळा सरासरी नाही, एकच आहे. त्या एका डोळ्याविषयी माझ्याजवळ प्रमाण नाही. टेबलावर मी घाबरलो होतो, आणि माझ्याजवळ तर दुसरा डोळा होता. लेसरने तिचा धीर वाढत असेल तर लेसर करा. माझा विरोध मी मागे घेतो. हे तिला सांगू नकोस.

लोभ तसाच ठेवा; तो ठेवण्यास कारण लागत नाही.

यल्लाप्पा


वडगाव, बेळगाव,
१५ फेब्रुवारी २०२५

अण्णास,
तानीचा जयभीम. मी सांगाय लागल्ये आणि समता लिवाय लागलीया.

तुझं पत्र पुरं ऐकलं. ‘वाचू नये’ तितं समता थांबलती. मीच म्हटलं, अण्णाचं पत्र आपल्या घरात अर्धं ऱ्हात न्हाय, वाच. तू घाबरलतास म्हणं. लई बरं वाटलं मला. इतकी वर्सं वाटायचं, आमच्या घरात भ्या काय ते मला एकटीलाच हाय.

मग मीच डॉक्टरकडं गेलते. त्येला इचारलं, तुझी आई आसती तर कशानं केलं आसतंस? त्यो म्हणाला, आज्जी, मोतीबिंदू लई पिकलाय, लेसरचा उजेड आत नीट पोचायचा न्हाय. हातानं करतो, सावकाश. समता गाल फुगवून बसलीया. तू मातूर फुगू नगोस. डॉक्टरनं सांगितलं म्हणून करून घेणार हाय, तू जिंकलास म्हणून न्हाय. आणि अंबुबाईला तूच एक चिट्टी लिव, ती अजून घाबरून बसलीया. या बारीला तांदळाचा दाणा आदी लिव.

येत्या बेस्तरवारी, वीस तारखेला, सकाळी आप्रेशन हाय. आदल्या दिवशी ये. आत जायच्या आदी समताचा हात धरायचा न्हाय मला, तीच माझ्यापेक्षा जास्त भ्यालीया. तू धर. बोलायचं मातूर कायबी न्हाय.

माया हाय तेवढी पुरे, तू येस्तवर टिकंल.

तुझी,
तानी